पुढच्या खोलीचं तापमान

क्लिफर्डकाकांच्या घरात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत थंडी वाजायला मनाई होती. त्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि घड्याळं मागे गेल्याशिवाय घर तापवणारा बॉयलर पेटवायचा नाही असा आमच्या हॅलिफॅक्सच्या डोंगरावरच्या बऱ्याच घरांत नियम आहे. इतर घरांत तो मोडतातही. काकांच्या घरात तो कायदा होता. बाहेर गारा पडत असल्या तरी "घड्याळं अजून मागे गेलेली नाहीत" एवढं म्हणून ते स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवत आणि तिसरा समोरच्यापुढे धरत.

मी त्यांच्याकडे राहायला आले ती पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून. डोरीनमावशी माझ्या आईची थोरली बहीण. काका नगरपालिकेत वजनमापे निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी खाटकांचे तराजू, पबमधले बिअरचे ग्लास आणि पेट्रोलचे पंप तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला मावशी तेवढी उरली होती. "माणूस चुकतो, उपकरण चुकत नाही," असं ते रोज निदान एकदा म्हणत, आणि म्हणताना बहुतेक वेळा माणूस म्हणून मावशीकडे बघत.

मावशी तरुणपणी कापडगिरणीत रफूकाम करायची. गिरणी बंद पडली, पण हात चालू राहिले. अजूनही डोंगरावरचे लोक आपले चांगले कोट आणि लग्नातले सूट तिच्याकडे आणून देतात. कसरीने खाल्लेली जागा ती अशी भरते की मालकालाच शोधून सापडत नाही. हे काम ती दुपारी मागच्या खोलीत खिडकीशी बसून करते, कारण उजेड तेव्हाच असतो. एकच अडचण आहे. थंडीत तिची बोटं पांढरी पडतात, मग निळी, आणि मग त्या बोटांना सुई आहे की नाही हेच कळत नाही. डॉक्टरांनी या आजाराला कुठल्या तरी फ्रेंच माणसाचं नाव सांगितलं आणि उपाय एवढाच सांगितला की हात गरम ठेवा.

घर मात्र दिवसातून दोनदा तापायचं. सकाळी साडेसहा ते आठ, संध्याकाळी पाच ते नऊ. या वेळा सांभाळायला स्वयंपाकघरात बॉयलरशेजारी भिंतीवर एक प्रोग्रॅमर होता, पिवळट पडलेलं, पुस्तकाएवढं डबडं. दुपारी घर तापवणं काकांच्या मते दुपारी दारू पिण्यासारखं होतं. करणारे करतात, पण चांगल्या घरांत नाही.

तर त्या ऑक्टोबरात काकांना क्लबच्या सोडतीत दुसरं बक्षीस लागलं. पहिलं बक्षीस हॅमची अख्खी तंगडी होती. काकांचा डोळा तिच्यावर होता. दुसरं बक्षीस स्मार्ट कंट्रोलर, म्हणजे बॉयलर फोनवरून चालवायचं यंत्र. काका आठवडाभर त्या खोक्याकडे बघून धुसफुसले. मग एके दिवशी खोक्याच्या तळाशी चिकटवलेली किंमत त्यांना दिसली. एकशे एकोणनव्वद पौंड. त्या क्षणापासून भिंतीवरचा बावीस वर्षांचा, एकदाही न बिघडलेला प्रोग्रॅमर त्यांना धोकादायक वाटू लागला.

"टेसा, तू भौतिकशास्त्र शिकलीस ना?" ते मला म्हणाले. "मग हे लावून दे. चार वायरींसाठी मी माणूस बोलावणार नाही."

"सगळी वीज बंद करावी लागेल, काका."

"कर. सकाळचे दहा वाजलेत, वीज कशाला लागते?"

मी मेन स्विच पाडला, टेस्टरने खात्री केली आणि खालचे दोन स्क्रू सैल करून जुनं डबडं भिंतीवरून उचललं. मागच्या पट्टीवर नव्या यंत्राचा अर्धा भाग जसाच्या तसा बसणार होता. दुसरा अर्धा म्हणजे एका छोट्या पायावर उभी राहणारी पांढरी चकती. ती तापमान मोजते, बिनतारी निरोप धाडते आणि बॉयलरला पेट किंवा थांब म्हणून सांगते. काम वीस मिनिटांचं होतं. मला पाऊण तास लागला, कारण मी जुना प्रोग्रॅमर हातात घेऊन बघत बसले.

त्याच्यावर सहा बटणं होती. पाच बटणांवरची अक्षरं काल छापल्यासारखी ठसठशीत होती. सहाव्यावरची पार पुसली गेली होती आणि प्लॅस्टिकला मधोमध खळगा पडून ते आरशासारखं चकाकत होतं. ते होतं आगाऊ बटण. ठरलेल्या वेळेची वाट न बघता पुढची पाळी आत्ताच सुरू करायची असेल तर ते एकदा दाबायचं. पुन्हा दाबलं की सगळं पहिल्यासारखं. कुठे नोंद होत नाही.

"काका, हे बटण तुम्ही वापरता?"

"कशाला? वेळा ठरवायच्या त्या पाळण्यासाठी."

मी मावशीकडे पाहिलं. ती एक कोरडी बशी पुसत होती. मी मनात हिशेब केला. हिवाळ्याचे पाच महिने, काका दुपारी घरी नसतात ते आठवड्यातले सहा दिवस, रोज दोनदा, बावीस वर्षं. साडेपाच हजारांच्या वर वेळा दाबलेलं. प्लॅस्टिकची झीज या आकड्याशी जुळत होती.

काका मेन स्विच लावायला जिन्याखाली गेले तसं मी हळूच विचारलं, "रोज दाबायचीस?"

"सव्वाला तो डॉमिनो खेळायला निघतो. एक वीसला मी दाबते. पावणेचारला परत दाबते आणि मागचं दार पाच मिनिटं सताड उघडं ठेवते. चारला तो येतो, हात चोळतो आणि म्हणतो, बघ डोरीन, बिनआगीचं घर किती छान राहतं."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, तुझ्या शिस्तीमुळे." तिने बशी ठेवली. "या नव्यात ते बटण आहे ना ग?"

"आहे की. चकतीवर अधिकचं चिन्ह आहे, ते दाबायचं."

फोनचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. विद्यापीठात मला पहिला वर्ग होता.

फोनचं सगळं काकांनी स्वतः केलं. फोनवर कशाकशाची सूचना यावी ते विचारणाऱ्या पानावर जेवढे चौकोन होते तेवढ्या सगळ्यांवर त्यांनी खूण केली. चौतीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येक रकाना भरला, तो इथे एखादा रिकामा कसा सोडेल? चकती मागच्या खोलीतल्या कपाटावर ठेवली. वेळा जुन्याच राहिल्या, सकाळी दीड तास, संध्याकाळी चार.

घड्याळं मागे गेल्यानंतरचा पहिला शनिवार होता, मी घरीच होते. सव्वाला काका गेले. एक वीसला मावशीने चकतीवरचं अधिकचं चिन्ह चार-पाच वेळा दाबलं आणि एका वकिलाच्या कोटाची बाही मांडीवर घेऊन बसली. एक एकवीसला क्लबात डॉमिनोच्या टेबलावर पडलेला काकांचा फोन घंटेसारखा वाजला. फोन सगळ्यांच्या मधोमध होता. अक्षरं मोठी होती, कारण काकांनी ती मोठी करून घेतली होती. "घराचं तापमान हाताने वाढवण्यात आलं आहे. एकवीस अंश."

हे आम्हाला नंतर कळलं, क्लबचे चिटणीस रॉनी पिकल्स यांच्याकडून.

"घरी कोण आहे रे क्लिफर्ड?" पिकल्सनी विचारलं म्हणे.

"बायको."

"आणि एकवीस अंश कोणासाठी?"

काका हातातला डाव टाकून उठले. पावणेदोनला ते मागच्या खोलीच्या दारात उभे होते, टोपी डोक्यावरच.

"डोरीन. तू यंत्राला हात लावलास?"

"लावला."

"का?"

"बोटं गार पडली होती."

"मग हातमोजे घाल."

"हातमोजे घालून रफू होतं? तू हातमोजे घाल आणि ही सुई ओवून दाखव. जमलं तर मी उद्यापासून स्वेटर घालून आंघोळ करीन."

"विषय बदलू नकोस. पूर्वी दुपारी कधी लागायचं का तुला?"

मावशीने बाहीवरून नजर उचलली. तिच्या जिभेवर आलेलं उत्तर मला खोलीच्या या टोकाला ऐकू आलं, पण ती एवढंच म्हणाली, "पूर्वी मी तरुण होते."

काकांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि न्यायदानाला बसले. वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं होतं की घर दिवसभर एकाच बेताच्या तापमानाला ठेवणं शहाणपणाचं असतं. म्हणून त्यांनी वेळा काढून टाकल्या. सकाळी साडेसहा ते रात्री नऊ, सोळा अंश, एकसारखे. वर यंत्राला चार आकड्यांचं कुलूप घातलं, म्हणजे चकतीवरची बटणं नुसती शोभेची झाली.

"आता तक्रारीला जागा नाही," ते म्हणाले. "दुपारी तुला काहीच मिळत नव्हतं, आता सोळा मिळणार."

"काका, अठरा तरी करा," मी म्हटलं.

"कशाच्या आधारावर?"

"मावशीच्या बोटांच्या."

"बोट हे उपकरण नव्हे, टेसा. तुला तरी हे सांगावं लागू नये."

यंत्र चोख होतं. मागची खोली सोळाला पोचली की बॉयलर गप्प बसे, साडेपंधराला आली की पुन्हा पेटे. दुसऱ्या शनिवारी मी घड्याळ लावून बघितलं. सोळा अंशांत मावशीच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं विसाव्या मिनिटाला पांढरी झाली. ती हात काखेत धरून बसली, दहा मिनिटांनी पुन्हा सुई घेतली, पुन्हा ठेवली. साडेतीनला उजेड गेला. वकिलाच्या कोटाला चार बोटं रफू उरलं होतं. सोमवारी तो कोट तिने तसाच परत केला. इतक्या वर्षांत अर्धवट काम परत जाताना मी ऐकलं नव्हतं. तिने पैसे घेतले नाहीत, वर वकिलाची माफी मागितली.

"पुढच्या हिवाळ्यापासून कोणाचं काम घेत नाही," संध्याकाळी बटाटे सोलताना ती म्हणाली. "लोकांचे कोट असे लटकवून ठेवणं बरं नाही."

काका म्हणाले, "विचार चांगला आहे. डोळ्यांनाही आराम."

मी त्या यंत्राचे स्क्रू माझ्या हाताने आवळले होते. रात्री जेवताना मला मावशीच्या बोटांकडे बघवेना.

गुरुवारी रॉनी पिकल्स यंत्र बघायला आले. त्यांना बक्षिसाचा उपयोग कसा होतो ते क्लबच्या कार्यकारिणीला सांगायचं होतं. काकांनी त्यांना मागच्या खोलीत आणलं आणि कपाटाकडे हात केला. तिथे सॉसची बाटली होती, खोलीतल्या पिंजऱ्यातल्या पोपटाच्या दाण्यांचा डबा होता, आणि दोघांच्या मध्ये चकती उभी होती. तिच्यावर पोपटाने उडवलेलं एक साल चिकटलं होतं.

पिकल्सनी वाकून ते साल निरखलं.

"एकशे एकोणनव्वद पौंडांची वस्तू," ते म्हणाले. "सॉसच्या शेजारी."

"तात्पुरती आहे," काका म्हणाले.

"आमच्या घरी असती तर बायकोने पुढच्या खोलीत मांडली असती. पण ज्याची त्याची पद्धत."

पिकल्स गेले आणि काका कपाटासमोर उभे राहिले. आमच्याकडे माणसाची अब्रू पुढच्या खोलीत ठेवलेली असते. चांगले कप, चांगली घड्याळं, चिनीमातीच्या मेंढपाळणी, कोणी न बसलेला सोफा, सगळं तिथे. ती खोली पाद्र्यासाठी, मयतासाठी आणि नाताळच्या दुपारी तीन तासांसाठी. एरवी दार बंद. तिथला, बॉयलरच्या गरम पाण्यावर तापणारा रेडिएटर काकांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बंद केला तो कायमचा, कारण रिकाम्या खोलीला कसली थंडी?

"चांगल्या वस्तू चांगल्या जागी," काका म्हणाले आणि चकती रुमालाने पुसून उचलली.

मी तोंड उघडलं. "काका, त्या खोलीत तर..."

"टेसा, किटली बघ, उतू जाईल," मावशी म्हणाली.

किटली गॅसवर नव्हतीच. मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा शोकसभेला बसल्यासारखा गंभीर होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या किटलीकडे बघत उभी राहिले, आणि तिला जे एका क्षणात कळलं होतं ते मला तिथे अर्ध्या मिनिटात कळलं.

चकती शेकोटीवरच्या फळीवर, दोन मेंढपाळणींच्या मध्ये विराजमान झाली. दार बंद झालं. तिथे तापमान होतं साडेबारा. बॉयलरला हुकूम होता की चकतीजवळ सोळा होईपर्यंत थांबायचं नाही, आणि चकतीजवळ ऊब पोचायची एकही वाट नव्हती. त्यामुळे तो बिचारा सकाळी साडेसहाला पेटायचा आणि रात्री नऊपर्यंत उरलेलं घर तापवत राहायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तर खिडक्यांच्या काचांवर वाफ होती. प्रयोगशाळेतला थर्मामीटर मी मुद्दाम आणला होता. मागच्या खोलीत चोवीस पूर्णांक सहा. पोपट पंख पसरून बसला होता. मावशी बाह्या कोपरापर्यंत सारून एका मखमली जाकिटाची कॉलर भरत होती आणि गुणगुणत होती. तिची बोटं गुलाबी होती.

काका आरामखुर्चीत, दोन स्वेटर घालून. कपाळावर घाम. हातात फोन.

"तेरा," ते म्हणाले. "तेरा अंश, टेसा. आणि मला थंडीचा पत्ता नाही. बघितलंस? लोक वीस-वीस अंशांवर घरं ठेवतात. मऊ झालाय हा देश."

"स्वेटर काढा ना, काका, घाम येतोय तुम्हाला."

"तेरा अंशांत? न्यूमोनिया होईल."

रेडिएटरला त्यांचा हात लागून भाजला तेव्हाही त्यांना काही वावगं वाटलं नाही. घर तेरावर आहे म्हटल्यावर रेडिएटर तापणारच, तो प्रयत्न करतोय. बॉयलरच्या गॅसचे पैसे दरमहा ठरलेले जात असल्याने त्या बाजूनेही कोणी त्यांना हाक मारली नाही. क्लबात त्यांनी तेरा अंशांवर भाषण दिलं. पिकल्सनी सांगितलं की भाषणानंतर दोघांनी घरचा बॉयलर कमी केला आणि एकाला खोकला झाला.

ते बाहेर गेले की मी मावशीशी भांडायचे.

"हे बरोबर नाही. सांगायला हवं त्यांना."

"काय सांगशील?"

"की चकती जिथे असते तिथलं तापमान मोजते."

"हे न कळणाऱ्या माणसाने चौतीस वर्षं तराजू तपासले? सांग की. तो चकती इकडे आणेल, सोळा ठेवेल आणि तुला शाबासकी देईल. मग हे जाकीट तू पुरं कर." तिने दात लावून दोरा तोडला. "मी हात लावलेला नाही, पोरी. त्याने स्वतः नेली, रुमालाने पुसून नेली."

"गॅस किती जळतोय!"

"ते खरं," ती म्हणाली. "ते मला आवडत नाही. आणि चोवीस मलाही जास्त होतं. पण सोळा आणि चोवीस एवढंच दुकानात असेल तर मी चोवीस घेणार."

तिसऱ्या आठवड्यात काका गप्प झाले. तेराचा अभिमान गेला होता. जेवताना ते रुमालाने मान पुसत, फोन बघत, पुन्हा मान पुसत. पायमोजे बदलत. एकदा मी त्यांना आरशासमोर जीभ बाहेर काढून उभं असलेलं पाहिलं. शेवटी मंगळवारी, मी रजेवर घरी असताना, ते कोणालाही न सांगता दवाखान्यात गेले आणि तिथून परत आले ते थेट आरामखुर्चीत बसले.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"काही नाही. ताप नाही, रक्तदाब बरा, साखर बरी. मी म्हटलं, बाई, तेरा अंशांत मला घाम फुटतो. तर ती नर्स घाबरली. म्हणाली, तेरा? तुमच्या वयाला? घर अठराच्या खाली जाता कामा नये. लिहूनच दिलंय." त्यांनी खिशातून कागद काढला. त्यांचा आवाज बारीक झाला. "तेरात मी असा भिजतोय, डोरीन. अठरात माझं काय होईल?"

मावशीने सुई सुयांच्या गादीत टोचली आणि त्यांच्याकडे वळून बसली.

"मला पन्नाशीत असं व्हायचं. भर जानेवारीत उठून खिडकी उघडायचे. तेव्हा तू काय म्हणाला होतास, आठवतं?"

"नाही."

"म्हणालास, खिडकी लाव आणि मनावर घेऊ नकोस, वयाचं आहे."

"असं म्हणालो मी?"

"हो. तर मनावर घेऊ नकोस, क्लिफर्ड. वयाचं आहे."

काकांनी मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले, आणि मला ज्याची तीन आठवडे भीती वाटत होती तो प्रश्न आला.

"टेसा, तू शास्त्र शिकलीस. मला खरं सांग. ते यंत्र बरोबर आहे का?"

मावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती, जणू ते कोणा दुसऱ्याचे आहेत आणि आता मागायला येणार आहेत.

मी माझ्या थर्मामीटरने पुढच्या खोलीत जाऊन तपासलं होतं, दोनदा. "हो, काका," मी म्हणाले. "अगदी बरोबर आहे. पाव अंशाचाही फरक नाही."

"मोजून बघितलंस?"

"मोजून बघितलं."

ते खुर्चीत मागे टेकले. यंत्र बरोबर म्हणजे चूक कोणाची हे ठरवायला त्यांना आयुष्यभराची सवय होती. फक्त या वेळी बोट स्वतःकडे वळत होतं.

"म्हणजे मी बिघडलो," ते म्हणाले. चौतीस वर्षं जिल्ह्यातल्या प्रत्येक वाकड्या तराजूवर त्यांनी लाल कागद चिकटवला होता. तसाच कागद ते आता मनातल्या मनात स्वतःच्या छातीवर चिकटवत असावेत. त्यांनी फोन मावशीपुढे धरला. "घे. तूच ठेव. ज्याला गरम-गार कळत नाही त्याने हे चालवू नये. नियमात बसत नाही. कुलपाचे आकडे सांगतो."

मावशीने फोन लगेच घेतला नाही. तिने आधी हात एप्रनला पुसले.

"एकदा मला दिलंस की मी ठरवीन. मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"आणि यंत्र मी माझ्या खोलीत ठेवीन."

"सॉसच्या शेजारी?"

"सॉसच्या शेजारी."

काकांना ते झेपलं नाही. पण ज्याचं मापच नापास झालंय तो जागेबद्दल काय बोलणार? मावशी पुढच्या खोलीत गेली आणि मेंढपाळणींच्या मधून चकती उचलून घेऊन आली. कपाटावर ठेवली, माझ्याकडून आकडे कसे टाकायचे ते शिकली, आणि एकवीस लावले. दुपारी एक ते चार एकवीस, बाकी वेळ एकोणीस. बॉयलर, तीन आठवडे धावून धावून दमलेला, टक्क करून गप्प झाला. घर चोवीसवरून हळूहळू खाली उतरायला लागलं.

तासाभराने काकांनी सवयीने फोनकडे मान लांब केली. सकाळी तेरा होतं, आता पडद्यावर एकवीस होतं, आणि त्यांच्या अंगावरचा घाम गार होत होता. त्यांनी हाताने मानेला चाचपून बघितलं.

"डोरीन," ते म्हणाले, "तेरात मला उकडत होतं. आता एकवीस आहे आणि अंगावर शिरशिरी येतेय. सगळं उलटंच झालंय ग माझं."

"होतं असं."

"बरं होईल का?"

"बघू या हिवाळाभर."

ती पुन्हा खिडकीशी बसली. जाकिटाची कॉलर पुरी होत आली होती. काका थोडा वेळ पोपटाकडे, थोडा वेळ रेडिएटरकडे बघत राहिले. मग त्यांना आता स्वतःला विचारून उपयोग नाही हे आठवलं असावं.

"डोरीन, मला आत्ता गरम होतंय की गार?"

मावशीने सुईवरून नजर न काढता त्यांच्याकडे नीट लक्ष दिल्यासारखं केलं.

"गार."

"मला वाटलंच," काका म्हणाले, आणि स्वेटर चढवला.